बोटांचे वळ

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र रागाच्या भरात लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नकोस. काल शाळेने आम्हा दोघांना बोलावलं. खारूच्या दंडावरचे चार निळे वळ तिच्या वर्गशिक्षिकेने पाहिले होते. मुख्याध्यापिकाबाईंनी ह्यांना उभ्याउभ्याच विचारलं, की हे कुणाच्या हातचे? ह्यांनी खरं ते सांगितलं, की माझ्याच बोटांचे. बसमधून उतरताना पोरगी पायरीवरून घसरली. पडली असती तर गुडघ्यात रक्त साचून अंथरुणाला खिळली असती, म्हणून ह्यांनी दंड धरला. तिचं रक्त लवकर गोठत नाही, जरा दाबलं तरी कातडीखाली पसरतं, हे तुला काय नव्याने सांगायचं! पण शाळेलाही दोनदा सांगितलंय, डॉक्टरांचा दाखला दिलाय. तर बाई म्हणतात, हा आजार मुलग्यांनाच होतो असं त्यांनी वाचलंय. म्हणजे नऊ वर्षं माझी पोर खोटं खोटं रक्त सांडत आली!

मग ह्यांचे वेल्डिंगने पोळलेले हात न्याहाळत म्हणाल्या, की बालसंरक्षण कार्यालयाला कळवणं भाग आहे. मी तोंड सोडलं. हे मात्र कालपासून खारूला हात लावत नाहीत. ती मांडीवर बसायला आली की पाणी प्यायला उठतात. एका माणसाला किती तहान लागावी गं?

उत्तर लगेच धाड. माया आहेच, ती या वेळी जरा जास्त पाठव.
तुझी,
धाकटी


१५ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

वाचून अंगाचा तिळपापड झाला. तुझ्या भाऊजींनी दोनदा चहा पुढे केला, दोन्ही वेळा गार झाला. अर्धवट वाचून शहाणं होण्यापेक्षा न वाचलेलं बरं! मुलग्यांना होतो म्हणे. उद्या मुलींना ताप येतो की नाही तेही पुस्तकात बघतील.

पण तू जिभेला लगाम घाल. लहानपणी तू भांडायला लागलीस की आपली आईसुद्धा शेजाऱ्यांची बाजू घ्यायची. चौकशीला कुणी आलं तर भाषण देऊ नकोस, घर दाखव आणि खारूला बोलू दे. आणि तुझ्या त्या साध्याभोळ्या माणसाला सांग, लोकांनी बोट दाखवलं म्हणून पोरीला जवळ घ्यायला हात आखडता घेऊ नका. तिला वाटेल, बाबा आपल्यावरच रागावलेत.

खारूला पापा. तब्येतीला जप आणि मला कळवत राहा.
तुझी,
ताई


३१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चौकशीच्या बाई येऊन गेल्या. टेबलाच्या कोपऱ्यांना बांधलेला फोम पाहिला, इंजेक्शनांचा डबा पाहिला. मी ओठ शिवून बसले होते, तुझी शपथ. खारूला त्यांनी एकटीला आत नेऊन विचारलं. आमची सुपुत्री काय म्हणाली असेल? की बाबा मारत नाहीत, पण हल्ली जवळही घेत नाहीत, तर त्याची तक्रार कुठे करायची? बाई हे मला सांगताना हसायला गेल्या, पण हसू काही जमलं नाही.

डॉक्टरांशी बोलून त्यांनी चौकशी बंद केली. मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला, गैरसमज झाला म्हणाल्या. गैरसमज! मुळात समजूनच घेतलं नाही, तर गैर काय होणार? मी म्हटलं, माफी मला नको, ह्यांच्याकडे बघून मागा. बघू, म्हणाल्या.

खारूची तक्रार ह्यांना सांगितली. उठून गॅलरीत गेले. हात अजून खिशातच.

जिभेचा लगाम सुटत चाललाय, तेवढा आशीर्वाद दे.
तुझी,
धाकटी


२० फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न.

मला पत्रं लिहिता येत नाहीत, चुकलं तर हसा. परवा शाळेत खेळताना कुणाचं तरी कोपर लागून खारूचं नाक फुटलं. तुमची बहीण कामावर होती, म्हणून मी गेलो. सगळे भोवती उभे होते, पण हात लावायला कुणी धजत नव्हतं. मला बघताच खारूने डोकं पुढे झुकवलं आणि नाक पुढे केलं. मी खाली बसलो, तिला मांडीवर घेतलं आणि नाक चिमटीत धरलं. बोटं मध्येच सैल पडली. खारू म्हणाली, घट्ट धर ना बाबा.

मुख्याध्यापिकाबाई शेजारी फरशीवर बसल्या. कसं धरायचं ते मला शिकवाल का, असं विचारलं. मी त्यांची बोटं हाडाच्या खाली, मऊ भागावर नेऊन ठेवली. रक्त थांबल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर माझी माफी मागितली. मी जाऊ द्या म्हणालो.

हे जाऊ द्या तुमच्या बहिणीला मुळीच पटलेलं नाही. जाऊ द्यायला ते काय तुमच्या एकट्याचं होतं, असं मला विचारते. पालकसभेत ती बोलणार आहे. मुलींनाही हा आजार होतो, हे पहिलंच वाक्य. सराव आरशासमोर चालतो आणि गल्लीभर ऐकू जातो. तिला जरा शांत करा, असं तुम्हाला लिहायला बसलो होतो. पण लिहिता लिहिता वाटलं, नको. मला राग धरता येत नाही. मी पोरीला धरतो, तुमच्या बहिणीने राग धरावा.

लोभ सैल पडू देऊ नये.
आपला,
खारूचा बाबा