चार काट्यांची दीर्घिका

५ मार्च
स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू : टेबल (एक पाय मुद्दाम आखूड, सांडलेलं पाणी आपोआप वाहून जावं म्हणून), दिव्याचा स्टँड, कॉम्प्युटरवर ऊन येऊ नये म्हणून पुठ्ठ्याचं छप्पर. कॉलेजवाचून काही अडलं नाही. आजपासून खगोलशास्त्र. वेबसाइटवर नाव नोंदवलं. रेडिओ दुर्बिणीने टिपलेला ढग दाखवतात, तो कुठल्या दीर्घिकेतून, म्हणजे गॅलेक्सीतून निघाला ते ओळखून क्लिक करायचं. सोपं आहे.

८ मार्च, सकाळी ६.१०
सापडली! ढग हँगरसारखा वाकडा. शास्त्रज्ञांनीच ‘चमत्कारिक’ लिहिलंय. अचूक ओळखणाऱ्याचं नाव शोधनिबंधात! शेजारीच झगझगीत दीर्घिका, तिला चार काटे. ऊर्जेचे फवारे, दुसरं काय!

९ मार्च
वेबसाइटचा ग्रुप सांभाळणाऱ्या बाई लिहितात, काटे दुर्बिणीमुळे दिसतात, तो आपल्याच आकाशगंगेतला तारा, मध्ये आलाय. कळवलं : दुर्बीण मला शिकवू नका.

१० मार्च
एक क्लिक म्हणजे एक मत, आणि माझ्या दीर्घिकेला मतं कमी पडतायत. हिच्या आणि मेहुण्याच्या नावाने खाती उघडली. ही लबाडी नव्हे. घरच्यांचं मत माझंच असतं. मेहुणा म्हणाला, भावोजी, कुठे दाबू तेवढं सांगा, मला चहा प्यायचाय. हिने मात्र चष्मा पुसला, बराच वेळ बघत बसली. म्हणाली, अहो, ढग कुणाच्या दारातून निघालाय ते बघायचं ना? तुम्ही नटून बसलेलीकडेच काय बघताय? दुर्लक्ष केलं. हिने कुठे दाबलं ते पाहायचं राहिलं. दूध उतू जात होतं.

२ एप्रिल
अभिनंदनाची मेल. हिला. ढग जिथे निमुळता होतो तिथल्या पुसट ठिपक्यावर एकट्या हिनेच क्लिक केलं होतं. मोठ्या दुर्बिणीतून तपासलं म्हणे, तीच दीर्घिका. योगायोग.

३ एप्रिल
शास्त्रज्ञांना सविस्तर कळवलं : तिन्ही खाती मीच उघडली, पासवर्ड माझे, श्रेय कुणाचं ते आपणच ठरवा.

५ एप्रिल
त्यांनी ठरवलं. माझं आणि मेहुण्याचं खातं बंद. हिचं चालू, कारण हिचं उत्तर स्वतंत्र. मेहुणा फोनवर हसत होता. त्याला विज्ञानात गती नाही.

१२ एप्रिल
ही उद्या शास्त्रज्ञांच्या परिषदेला निघाली. मलाही बोलावणं होतं. ठणकावून नकार कळवला. माझ्यासारखा माणूस असा मिळत नसतो. देत होते : ‘संशोधिकेसोबत येणारी व्यक्ती’ असा बिल्ला, मागच्या रांगेतली खुर्ची, दोन वेळचं जेवण आणि रोख साडेतीनशे.