खाडीचा उतार शकूच्या नावे

मी रहिमा मुराद पेवेकर, राहणार खारकोंड, तालुका महाड, शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. 'कोणाच्याही दडपणाखाली नाही' असे लिहायची रीत आहे. दडपण आहे, मी त्याखाली नाही, एवढेच खरे.

राहते घर व मागची वाडी शरियतप्रमाणे मुलगा अझीम आणि मुलगी माहरुख यांना जावी. माहरुख पोलादपूरला नांदते म्हणून तिचा हिस्सा कोणी विसरू नये.

सावित्रीच्या खाडीला लागून असलेला जमिनीचा उतार मात्र माझ्या मेहरचा, मुरादने निकाहात दिलेला. तो मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतो. तेवढे वारसांबाहेर देता येते, अशी वकिलांकडून खात्री केली आहे. तो मी भोईवाडीच्या शकू काशीराम पड्याळ हिला देते. अट ही की, खाडीत उतरायची वाट भोईवाडीतल्या व मोहल्ल्यातल्या सर्व बायांना खुली राहावी आणि रेतीची होडी तिथे लागू देऊ नये.

कारण लिहून ठेवते. शकूची सासू चंद्राबाई आणि मी याच उतारावरून जन्मभर शिवल्या, म्हणजे चिखलातले शिंपले, वेचायला गेलो. पावसाळ्यात खाडीला हात लावायचा नाही, बारीक शिवली परत चिखलात टाकायची, हा नियम आम्ही दोघींनी भांडून बसवला. मग रेतीवाल्याने तळाची रेती ओढायला सक्शन पंप आणला. अर्ज केले, पंप थांबला नाही. गुडघाभर पाण्याच्या जागी पुरुषभर खड्डे पडले. वरून पाणी पूर्वीसारखेच दिसे.

मागल्या माघात भरती चढू लागली तशी मी हाक मारली, "चंद्रे, फिर मागं."

"आलू गो, टोपली भरू दे."

तिने पाऊल टाकले आणि ती दिसेनाशी झाली. मी नेसती साडी सोडून तिच्याकडे फेकली. कोणी धरली नाही. होडीवरची माणसे बघत होती. पंप चालूच होता.

तिला जाऊन चाळीस दिवस व्हायच्या आत रेतीवाला सांत्वनाला आला आणि रेती उतरवायला हाच उतार मागू लागला. अझीम कुवेतहून फोनवर म्हणाला, "अम्मी, गेली ती काय परत येणार हाय? जागा देऊन टाक."

मी म्हटले, "देतेच हाय. तुझ्या माणसाला नाय."

तेव्हापासून रेतीवाल्याची जीप दारासमोर उभी असते. जुम्म्याला अझीम विक्रीचे कागद घेऊन येणार आहे. म्हणून आजच.

शिवल्या उकरायचे खुरपे मी हयातीतच सून रिझवानाला दिले आहे. ती माझ्याबरोबर खाडीत उतरते. अझीमला हे माहीत नव्हते, आता होईल.

रेतीवाला माझ्या मयतीला आल्यास त्याला पाणी विचारावे. खांदा देऊ देऊ नये.

हे मला वाचून दाखवले, मी ऐकले, पटले, म्हणून अंगठा करते.

मुक्काम महाड, दिनांक १२ फेब्रुवारी २००३

रहिमा मुराद पेवेकर, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
१. कुशाबा कोंडाजी जाधव, खारकोंड. सही.
२. रिझवाना अझीम पेवेकर, खारकोंड. सही करू नकोस, असे मला नवऱ्याने फोनवर बजावले आहे. वाचून, समजून सही केली आहे.