कालमेघाची पूड

डमडम, कलकत्ता
१३ ऑगस्ट १९७४

प्रिय शकुन,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. इथे सगळं ठीक. यांची बदली पुन्हा लांबली. रोज गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत जाऊन येऊन थकतात. माझी प्रयोगशाळा चालूच आहे. चार वर्षं तीच खोली, तेच पिंजरे.

तुला क्षय झाल्याचं कळलं तेव्हा आमचं काम नेमकं क्षयाच्या गोळ्यांवर चाललं होतं. त्या क्षय बरा करतात, पण काहींचं यकृत बिघडवतात. इथल्या बायका मुलांना कालमेघाचा कडूजहर रस पाजतात; आपल्याकडे त्याला किराईत म्हणतात. आम्ही पांढऱ्या उंदरांना आधी त्याचा अर्क दिला आणि मग गोळ्या. यकृतं बरीचशी शाबूत राहिली. मी इतकी हरखले, की कोणाला न विचारता तुला पूड पाठवली. वर लिहिलं, ‘आता यकृताची काळजी सोड.’

जूनमध्ये दुसरा प्रयोग केला. या वेळी यकृत आधी बिघडू दिलं, मग अर्क दिला. बारांतले नऊ उंदीर गेले; अर्क न दिलेल्या बारांतले दोनच. आमचे प्रमुख सेनगुप्ता सर वही मिटून म्हणाले, ‘कालिंदी, हे छापायचं नाही. पहिलं पुरे.’ माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची आहे. मी वही कपाटात ठेवून दिली. तुला कळवायचं रोज ठरवायची. पण ‘मग खात्री नसताना पाठवलीस कशाला?’ असं तू विचारलंस तर काय सांगणार होते? सरांपुढे तोंड उघडत नव्हतं आणि तुझ्यापुढेही. दोन महिने असे काढले.

आणि काल तू लिहितेस, डोळे पिवळे झालेत, अन्न नकोसं वाटतं, पण ताईची पूड चालू आहे म्हणून डॉक्टरांना बोलले नाही. आज पोस्ट उघडताच तार केली: पूड बंद, ताबडतोब डॉक्टरांकडे जा. तारेत कारण लिहायचा धीर झाला नाही, म्हणून हे पत्र. गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, तू मनाने काही करू नकोस. दुसऱ्या प्रयोगाचे आकडे सोबतच्या कागदावर आहेत, ते त्यांना दाखव. त्याच कागदाच्या खाली माझं पूर्ण नाव आणि संस्थेचा पत्ता लिहिला आहे. त्यांनी सरांना विचारलं तर विचारू दे. मला रागावायचं असेल तर बरी होऊन रागाव.

तुझीच,
कालिंदी