शिंप्याची पँट आणि तुझे चार मजले

तीर्थरूप ताईस,

तुझ्या ढब्बूचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच स्वीकार. खरोखरीचा घातला तर मला पुन्हा उभं करायला दोन माणसं लागतात, असा मागचा अनुभव आहे.) तुझं कंबरेचं हाड आता काय म्हणतंय? काठी टेकत गॅलरीपर्यंत जातेस हे वाचून जीव भांड्यात पडला. फोनच करणार होतो, पण तुला ऐकू येत नाही, मग मी ओरडतो, आणि कपडे न्यायला आलेलं गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतं.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मात्र मला लागलं. मी आता खाली उतरेन असं वाटत नाही, तू वर चढशील असं वाटत नाही, तेव्हा निदान एक फोटो तरी पाठव, असं तू लिहिलंस. ताई, एकाच गावात राहून भावाने बहिणीला फोटो पाठवायचा? मागच्या खेपेला दुकानात काम निघालं म्हणून आलो नाही असं कळवलं होतं ना, तर मी आलो होतो. पहिल्या मजल्यावर कुणाच्या तरी चपलांच्या कपाटावर बसलो, त्या घरातल्या बाईंनी पाणी दिलं, आणि पाणी पिऊन खाली उतरलो. (उतरताना चांगलाच उतरलो. चढण्याशीच माझं वाकडं आहे.) तुझ्या इमारतीला लिफ्ट कधी होईल याची वाट बघण्यात आपली दोघांची वयं जायची, म्हणून या वेळी मी उठून तडक दवाखान्यात गेलो.

तिथली डॉक्टर म्हणजे आपल्या धाकट्या भाचीच्या वयाची पोरगी. वजन कधीपासून वाढलं, असं तिने विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं, वाढलेलंच नाही, कारण ही अंगावरची पँट मी कित्येक वर्षं घालतोय आणि अजून नीट बसते. तिने विचारलं, तुम्ही काम काय करता? मी म्हटलं, शिंपी आहे. तिने पेन खाली ठेवलं आणि डोळे पुसेपर्यंत हसली. घरी येऊन मी पँट उलटी करून पाहिली. शिवताना आतल्या बाजूला जादा कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. पुढे माणूस सुटला तर शिवण उसवून पँट सैल करता यावी म्हणून. माझ्या पँटीत ती औषधालाही शिल्लक नव्हती. जरा काचलं की माझा हात आपला जाऊन शिवण उसवत होता आणि पलीकडे नवी टीप मारून मोकळा होत होता, डोक्याला पत्ता नाही! सगळ्या गावाची पोटं मोजणाऱ्या माणसाची ही गत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

खरं सांगू? वाईट वाटण्याआधी मला कुतूहलच वाटलं. एवढं सगळं आलं कुठून? म्हणून आधी माप घ्यायचं ठरवलं. कंबरेला टेप लावली की प्रत्येक माणूस श्वास आत ओढतो. (आपल्या गावात सर्वांत जास्त केला जाणारा व्यायाम हाच.) अशा वेळी मी गिऱ्हाइकाला त्याच्या मुलाच्या परीक्षेबद्दल विचारतो, की पोट आपोआप जागेवर येतं. पण स्वतःला असं कसं फसवणार? शेवटी टेप तुझ्या भावजयीच्या हातात दिली. तिने अचानक विचारलं, "अहो, खाली दुकानातला दिवा बंद केलात का?" आणि माझं खरं माप बाहेर आलं. ते इथे लिहीत नाही.

मग मी स्वतःवर नजर ठेवली. शोध असा लागला, की जेवताना मी फारसं खातच नव्हतो. खात होतो ते दोन जेवणांच्या मध्ये. गिऱ्हाईक आलं की त्याच्याबरोबर चहा, गेलं की बिस्किटं, आणि कुणी आलंच नाही तर त्या दुःखात मूठभर शेंगदाणे. उपायही शेजारीपाजारी भरपूर मिळाले. इस्त्रीवाला म्हणाला भात सोडा, कापडवाला म्हणाला भातच खा आणि बाकीचं सोडा, आणि दोघांची माझ्याच दुकानात अशी जुंपली की ती मिटवायला मला चहा मागवावा लागला. तुझ्या भावजयीने फक्त बिस्किटांच्या डब्यात गाजरं चिरून ठेवली. डबा तोच, त्यामुळे हात सवयीने जातो आणि फसतो. गाजराचा दुसरा गुण असा, की ते चोरून खाता येत नाही, कुडुम कुडुम आवाज वरच्या मजल्यावर जातो.

व्यायामाची सुरुवात मी पद्धतशीर केली, म्हणजे आधी व्यायामाचे कपडे शिवले. त्यात आठवडा गेला. पहिल्या दिवशी मैदानाला अर्धी फेरी मारली असेल नसेल, तोवर चालणाऱ्या मंडळींनी गाठलं, ही पँट कुठून घेतली? मापं तिथेच घेतली. पुढे बरेच दिवस ती मंडळी माझ्या पँटी घालून मैदानात चालत होती आणि मी दुकानात बसून त्यांच्या पँटी शिवत होतो. हे डॉक्टरपोरीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, काका, व्यायामाला वेगळा मुहूर्त काढूच नका, कामातच मिसळून टाका. मी मशीनची मोटर काढली आणि पुन्हा पाय मारायला लागलो. बटणांचा डबा वर घरात नेऊन ठेवला, आता प्रत्येक शर्टामागे जिना चढणं आलं. (कुणी चेनचं जॅकेट शिवायला टाकलं की मला सुट्टी मिळाल्यासारखं वाटतं.)

आणि ताई, पँट सैल झाली! मी दुकानभर नाचलो, इस्त्रीवाल्याला बोलावून दाखवली. त्या जोमात काही आठवडे जिने चढलो, मग सवयीने ती आत घ्यायला म्हणून उलटी केली, तर शिवणीला नवी कापडाची पट्टी जोडलेली, आणि टीप माझ्या हातची नाही. ज्याची टीप डावीकडे कलते असं माणूस आमच्या घरात एकच आहे. विचारलं तर तुझी भावजय शांतपणे म्हणाली, "तुम्ही सगळं सोडून द्यायच्या बेतात होतात. पट्टी लावली, तर पुन्हा जोमाने जिने चढायला लागलात." मी रागावणार होतो, पण ते जमेना, डोळेच भरून आले. नंतर टेप लावली, तेव्हा खरोखरच चार बोटं कमी भरली. पट्टी लावली तेव्हा ती खोटी होती, मागाहून खरी ठरली.

तेव्हा आता काळजी नसावी. तुझे चार मजले म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. एखाद्या दिवशी शीळ घालत वर येईन. काठीला जप, तिला माझा नमस्कार सांग.

तुझा (चार बोटं कमी झालेला)
ढब्बू

ता. क. पत्र पेटीत टाकायला निघालो होतो, पण पाय पेटीपाशी थांबले नाहीत. तुझ्या जिन्यात आहे. पहिल्या मजल्यावरचं ते चपलांचं कपाट उभ्या उभ्या ओलांडलं. बाईंनी ओळखलं, पाणी विचारलं. मी ऐटीत नको म्हटलं.

आणखी एक ता. क. दुसरा मजला. पाणी घ्यायला हवं होतं. हा मजला बाकीच्यांपेक्षा उंच बांधलाय, खिशात टेप आहे पण मोजायला वाकवत नाही.

शेवटचा ता. क. तिसऱ्या मजल्यावर पायरीवर बसून लिहितोय. फोन केला असता, पण बोलायला दम लागतो, लिहायला लागत नाही. तुझ्या समोरच्या बाई भाजीची पिशवी घेऊन वर चालल्यात, त्यांच्या हाती हे पत्र देतो. काम एवढंच, की दार उघडं ठेव आणि दाराशी एक भक्कम खुर्ची ठेव. खायला काही करू नकोस. (वरून तळणाचा वास येतोय तो तुझ्याच घरातला असेल, तर एक चालेल.) काठीचा टकटक आवाज इथवर ऐकू येतोय. जिन्यापाशी मात्र येऊ नकोस, आहेस तिथेच थांब, मी उठलोच. फोटो आणलेला नाही.