जड स्पीकर, स्वस्त कार्ड

२२ जुलै २०००, शनिवार

चैतालीचा कंप्युटर मुका निघाला. अमेरिकेला जाताना आमच्या गळ्यात घालून गेली, तेव्हापासून टेबलक्लॉथखाली झाकलेला. आज तिचा फोन. म्हणे इंटरनेटवरून फुकट बोलता येतं, फक्त साउंड कार्ड आणि स्पीकर आणा. मी म्हटलं आणते, ठेव आता, डॉलर जळतायत. ती म्हणाली आई थांब, एक सांगायचंय. म्हटलं फुकटात सांग. ठेवला.

हे म्हणाले, पोरीला बोलू द्यायचंस. मी काय तिचं तोंड धरलं होतं?

ठरवलं: खरेदी मी करणार. ह्यांना कुठलाही दुकानदार गुंडाळतो. धायरीची जमीन विकली तेव्हा बिल्डरला आधी चहा ह्यांनीच पाजला होता.

२९ जुलै, शनिवार

सदाशिव पेठेत गेलो. दुकानात शिरायच्या आधी चपला काढायला लावल्या. आत देव कुठे दिसला नाही. मालकाचं नाव चेतन. वाक्यं मोजून देणारा.

आधी प्लॅस्टिकचे स्पीकर दाखवले. उचलून बघितले, साबणाच्या डबीएवढे हलके. परत केले. मग लाकडी खोक्याचे काढले. मी प्रत्येक खोकं उचललं, बोटाच्या पेराने वाजवून बघितलं, माठ घेताना बघते तसं. चेतन म्हणाला, काकू, पाणी भरायचंय का? मी लक्ष दिलं नाही. सगळ्यात जड जोडी घेतली. खणखणीत आहे.

कार्डं दोन होती. महागातल्यावर दोन्हीकडून एकदम बोलता येतं. स्वस्तातलं हाफ डुप्लेक्स का काय, त्यात आपण बोलत असलो की पलीकडचं ऐकूच येत नाही. चेतनने हे दोनदा सांगितलं. मी काय बहिरी आहे?

मी त्याला म्हटलं, "आमच्या घरात पंचवीस वर्षं असंच चाललंय. काही अडलेलं नाही."

हे पंख्याकडे बघत बसले.

स्वस्तातलं घेतलं. एकाने बोलावं, दुसऱ्याने ऐकावं, रीतच आहे. आणि मी मुळात कमी बोलणारी.

६ ऑगस्ट, रविवार, सकाळ

बोलले! चैताली शेजारच्या खोलीत असावी असा आवाज. डोळ्यात काहीतरी गेलं. आवाज ऐकून सुंदराबाई, माझी जाऊ, पदराला हात पुसत आली. तिच्याकडे कंप्युटर नाही, हे मी चैतालीला मुद्दाम मोठ्याने सांगितलं.

मग मुख्य गोष्ट सांगितली. हिंजवडीच्या महिपतरावांचा मुलगा. जमीन कंपन्यांना लागून. मुलगी कंप्युटरची, मुलाचा बांध कंप्युटरवाल्यांच्या कुंपणाला. ह्याहून जुळणारं काय असतं? ऑक्टोबरात तिची नोकरीची मुदत संपते, दिवाळीला ती इथे.

चैतालीने सगळं शांतपणे ऐकलं. आधी एका वाक्यात दोनदा आडवी यायची. अमेरिकेने पोरगी सुधारली.

१३ ऑगस्ट, रविवार

आज फार छान झालं. हे कनेक्शन लावून देऊन झाडांना पाणी घालायला गेले. चैताली म्हणाली, आई, आज नीट ऐकशील ना? म्हटलं ऐकतेय की. आणि महिपतरावांचं घर, त्यांच्या म्हशी, मुलाची जीप, भाऊबीजेला बघण्याचा कार्यक्रम, सगळं सांगितलं. घसा सुकला.

पाणी प्यायला थांबले तेवढ्यात तिचा आवाज आला, "मग आई, तुला चालेल ना?"

म्हटलं, चालेल म्हणजे काय, मला आनंदच आहे.

पलीकडे रडायला लागली. आनंदाने. किती साधी पोर. मुलाचा फोटोसुद्धा मागितला नाही.

संध्याकाळी महिपतरावांना होकार कळवला.

२० ऑगस्ट, रविवार

चैताली म्हणाली, आई, मला वाटलं होतं तू घर डोक्यावर घेशील. मी म्हटलं, का घेईन? मुलगा चांगला, घर चांगलं. ती म्हणाली, तू न बघता म्हणतेस? म्हटलं आईला दिसतं. पुढे ती काहीतरी बोलली, पण तोवर मी शालूबद्दल सुरू केलं होतं.

हे म्हणाले, महिपतरावांना कळवून टाक, टांगून ठेवू नकोस. म्हटलं कधीच कळवलंय. ह्यांना एवढं बरं वाटलं की स्वतः चहा केला. नवरा म्हणजे एवढ्याशा गोष्टीवर खूश.

१० सप्टेंबर, रविवार

गौरींच्या गडबडीत मागचा रविवार गेला. आज चैतालीने मध्येच विचारलं, आई, मी काय बोलतेय ते तुझ्यापर्यंत पोचतंय का? म्हटलं स्पीकर वजनदार आहेत, न पोचायला काय झालं?

हे म्हणतात, तिने चिठ्ठी टाकलीय कंप्युटरवर, तुझी उत्तरं भलतीकडे जातात म्हणून. महागातलं कार्ड आणू या. म्हटलं विसर्जन होऊ द्या. मग म्हणाले विसर्जनानंतर पक्ष लागतो. मग पक्ष संपल्यावर. पितरांच्या पंधरवड्यात नवी वस्तू घरात आणून मला नसती पीडा नको.

२४ सप्टेंबर, रविवार

रागात लिहितेय. अक्षर खराब येणार.

ह्यांनी सकाळी हाक मारली, ये, फोटो आलाय. कंप्युटरवर वरून खाली हळूहळू उघडत गेला. आधी छत. मग एक उंच माणूस. मग चैताली. मग दोघांच्या गळ्यात हार.

म्हटलं हा कोण?

हे म्हणाले, "उत्तरेश्वर. अगं, तूच हो म्हणालीस ना?"

लातूरकडचा. तिच्याच ऑफिसात. रजिस्टर लग्न, बुधवारी. परत येणार नाहीत, तिथेच घर बघतायत. हे सगळं तिने मला तेरा ऑगस्टला सांगितलं म्हणे. मी म्हशींचं सांगत होते तेव्हा. तिचं कार्डही स्वस्तातलंच, तिला म्हशी ऐकूच गेल्या नाहीत.

ह्यांनी तिची जुनी चिठ्ठी वाचून दाखवली. आप्पा, आईने सगळं ऐकून घेतलं, एकदाही आडवं बोलली नाही, मला आनंद आहे म्हणाली.

मी ह्यांना विचारलं, तुम्ही महिनाभर गप्प का? म्हणाले, तुला माहीत आहे असं वाटलं. मला वाटलं तू सुधारलीस.

सुंदराबाईला विचारलं तर तिलाही ठाऊक. "जावयाचं नाव भारदस्त हाय," म्हणाली. म्हणजे अख्ख्या घराला माहीत, आणि जिच्या पोटची पोर तिला नाही. लग्न. तेही पक्षात.

सगळ्यांनी फसवलं. पोरीने, नवऱ्याने, जावेने. आणि सगळ्यांच्या वर तो चेतन. हे म्हणाले, त्याने दोनदा सांगितलं होतं. सांगितलं म्हणून काय झालं? विकायचं नव्हतं.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

पक्ष संपला. एकटी गेले. चेतन म्हणाला, काकू, स्पीकर गळतायत का? महागातलं कार्ड घेतलं, तोंडातून एक शब्द न काढता. त्यालाच चुकल्यासारखं झालं, दोनदा पाणी विचारलं.

आता ती बोलत असतानासुद्धा मला बोलता येईल. प्रत्येक वाक्याला अडवणार. काय काय बोलायचं ते पोळ्या लाटताना पाठ केलंय. पहिलं, आईला न विचारता? दुसरं, पक्षात? तिसरं, महिपतरावांना मी काय तोंड दाखवू? रडले तर मध्येच रडायचं नाही, शेवटी रडायचं.

१ ऑक्टोबर, रविवार

कार्ड उत्तम आहे. तिचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात चैताली म्हणाली, "आई, त्या दिवशी तू आडवी आली असतीस तर मी हे लग्न केलंच नसतं. तू ऐकून घेतलंस."

माझं पहिलं वाक्य जिभेवर होतं. हे दारात उभे होते, हातात पाण्याचा पाइप, पाणी चपलांवर सांडत होतं.

ती म्हणाली, आई, ऐकू येतंय ना?

म्हटलं, येतंय.

मग जावयाला बसवलं पुढे. तो जो सुरू झाला, लातूर, त्याची आई, त्याचं ऑफिस, बर्फ. मी दोनदा मध्ये शिरायला बघितलं. थांबतच नाही माणूस. महागाचं कार्ड असून काही उपयोग नाही.

दुपारी महिपतरावांकडे जायचंय. बोलतील हे.