वय सुमारे चौदा

मार्गशीर्ष शु. ४, शके १७८६. अकोला.
कचेरीत आज गर्दी. कापसाच्या चोऱ्यांचेच खटले. दूरदेशी लढाई जुंपल्यापासून इथे कापसाला सोन्याचा भाव, मग बोंडाएवढ्या गोष्टीचाही खटला होतो. पाचवा आरोपी किसन, राहणार बार्शीटाकळी. पेठेत गाड्यांखाली पडलेला कापूस ओच्यात घेताना व्यापाऱ्याच्या राखणदाराने धरला. वय विचारले तर नुसता बघत राहिला. शिरस्तेदार म्हणाले, "चौदा लिहा, पुढं चला." लिहिले. सहा महिने सक्तमजुरी.
घरी भाजीत मीठ जास्त.

मार्गशीर्ष शु. ७.
सकाळी दारात एक बाई. किसनाची आई, सारजा. कचेरीत तिला आत सोडले नाही म्हणून कारकुनाचे घर शोधत आलेली. मी संध्येला बसलो होतो. सौ.ने ओट्यावर बसवून तिला भाकर दिली, आणि ती काय बोलते ते मला आतून सगळे ऐकू येत होते.
"बाई, बंडाच्या साली माहा पोरगा रांगून राहिला होता. तो चौदाचा कसा होईन?"
बंड होऊन सात वर्षे. म्हणजे आठ. संध्या तशीच राहिली.
जाताना मला म्हणाली, "पडला कापूस येचला त्यानं. माह्या मायनं येचला, मीनं येचला. सरवा हाये तो, गरिबाचाच. भाव वाढला त चोरी झाली का, बाप्पा?"
सरव्याला कुणी चोरी म्हटल्याचे माझ्याही ऐकण्यात नव्हते.

मार्गशीर्ष शु. ८.
आपल्यापुरते लिहून ठेवतो. नव्या कायद्यात असे आहे की बाराच्या आतल्या मुलाला आपण काय करतो हे कळत होते की नाही, ते हाकिमाने आधी पाहायचे. कळत नसेल तर गुन्हाच नाही. पण पाहायचे म्हणजे आई बोलवा, गावचा पाटील बोलवा, जबान्या घ्या, दोन दिवस मोडा. म्हणून ज्याला वय सांगता येत नाही तो चौदाचा. कुणी हुकूम दिलेला नाही. आम्हा कारकुनांची रीत पडली आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा जुन्या कारकुनाने शिकवलेली ही पहिली गोष्ट.
कुंपणच शेत खाते म्हणतात. या शेतात कुंपण मी.

मार्गशीर्ष व. २.
शिरस्तेदारांना किसनाचे खरे वय सांगितले. हसले. "तुम्हाला वकिली करायची असेल तर बाहेर खुर्ची टाका." नंतर हळूच, "हाकिमसाहेबांनी निकालावर सही केली आहे. आता वय बदललं तर सही खोटी ठरते. कुणाची खोटी ठरवणार? साहेबांची?"
मग माझीच.

मार्गशीर्ष व. ९.
कैद्यांची यादी द्यायच्या निमित्ताने तुरुंगात गेलो. मुलांची कोठडी वेगळी नाहीच. एकाच लांब खोलीत सगळे. मेळघाटच्या वाटेवर माणूस मारलेला एक दरोडेखोर भिंतीला टेकून बसलेला, आणि किसन त्याचे पाय दाबतोय.
"किसना, वय किती रे तुझं?"
"चौदा."
"कोणी सांगितलं?"
"कागदात हाये ना." मग जरा ऐटीत, "सुटल्यावर मले दादा संग नेनार हाये. घोड्यावर बसवनार हाये."
दादाने मला रामराम केला. अतिशय अदबीने.
घरी आलो तरी डोळ्यासमोर ते पाय.

पौष शु. ३.
अमरावतीस कमिशनरसाहेबांना अर्ज लिहितो आहे. मागणे दोनच. मुलाचे वय आईला किंवा गावाला विचारल्याशिवाय लिहू नये. मुलांना मोठ्या कैद्यांत कोंडू नये. चार वेळा फाडला, भाषा फार चढते.
सौ.ला वाचून दाखवला. "काही कारकुनांच्या हयगयीमुळे" इथे तिने थांबवले.
"कोणत्या कारकुनाच्या?"
"असं लिहायची पद्धत असते."
"असन पद्धत. पण सारजा मले विचारते ना, कोनं लिवलं म्हनून. मी काय सांगू तिले?"
शाई वाळली म्हणून उठलो. शाई वाळली नव्हती.

पौष शु. ४.
"हयगय माझ्या हातून झाली" असे लिहून अर्ज डाकेत टाकला.

पौष व. ५.
बोलावणे आले. शिरस्तेदार माझ्याकडे बघतही नाहीत. उद्या बैलांच्या दमणीने निघायचे. सौ.ने दोन दिवसांच्या वाटेला आठ दिवसांच्या दशम्या बांधल्या, म्हणजे फार घाबरली आहे.

पौष व. ९. अमरावती.
दोन दिवस गाड्यांच्या धुळीतून आलो. सगळी वाट कापसाने पांढरी आणि मागे वेचणारी पोरे. आता ती दमणी दिसली तरी पळतात.
साहेबांनी दुभाष्यामार्फत विचारले. अर्ज पूर्ण वाचलेला होता, मला वाटले नव्हते.
"हे एकदाच घडलं का?"
मी म्हणालो, "एकदाच."
का म्हणालो? तोंडातून गेले. समोर पट्टेवाला, भिंतीवर घड्याळ. एकदाच.
साहेब म्हणाले, एकदाच असेल तर चूक दुरुस्त करून मुलाला सोडू, त्यासाठी नियम कशाला बदलायचा. तुझ्या हातच्या दोन वर्षांच्या खटल्यांचा उतारा पाठव, मग हुकूम देतो.
उतारा मीच काढायचा. पडताळून बघणारा कुणी नाही.

पौष व. ३०. अकोला.
सारजा आली होती. "सुटन म्हंता ना, बाप्पा?" सुटेल म्हणालो. पायावर डोके ठेवले तिने. लाज वाटली, पाय मागे घेतले.
ते खरेही आहे. उताऱ्यात एकच नाव दाखवले तर किसन महिन्याच्या आत घरी. खरे दाखवले तर चौकशी बसेल, माझी नोकरी जाईल. नियम कदाचित होईल. पण तो होईपर्यंत किसन त्या दादापाशीच.
सौ. म्हणते, आधी पोर सोडवा. आणि पुढच्या वाक्याला म्हणते, बाकीच्या पोराहीले माय नाही का?
तिलाही ठरवता येत नाही तर मला काय येणार.

माघ शु. २.
दप्तर काढले. मला वाटत होते चार-पाच असतील. पानामागून पान माझेच अक्षर. नारायण, सुमारे चौदा. महादू, सुमारे चौदा. दोघे भाऊ एकाच दिवशी, दोघेही सुमारे चौदा, आणि एक दुसऱ्याच्या खांद्याला लागत नव्हता, हे लिहिताना मला दिसले नसेल?
झिंग्या म्हणून एक. हा आठवतो. नाव सांगताना समोरचे दोन दात नव्हते, दुधाचे पडून नवे यायचे होते, म्हणून शिपाई हसले होते. मीही हसलो होतो. त्याला फटके झाले. गाव लिहिलेले नाही, आता शोधायचा तरी कुठे.
उताऱ्याचा कागद समोर आहे. पहिले नाव किसनाचे लिहिले. वय आठ. त्याखाली झिंग्याचे लिहिले आणि वयाशी येऊन थांबलो आहे.