एका तारंवरची गाडी

तीर्थरूप अण्णांना रामप्रसादचा दंडवत.

मी हितं सुरतेकडं खुशाल हाय. रेल्वेच्या तारा ओढायचं काम चालूय. करंट बंद करूनच आमाला खांबावर चढवतेत, एवढं मायला सांगा. तिचं गुडघं कसं हायेत?

पर एक गोष्ट डोक्यात शिरंना. आपल्या विहिरीवरच्या मोटारीला तीन तारा लागतेत, आन हितं एवढी मोठी गाडी एका तारंवर पळती. साहेबाला इचारलं, तर म्हणला, करंट वरून इंजिनात येतो आन रुळातून माघारी जातो. मग रुळावरून शेरडं जातेत, त्यान्ला काहीच कसं व्हत न्हाई? तारंवर पारवं बसतेत, तेबी उडून जातेत. माणूस मात्र हात न लावता, नुसता जवळ गेला तरी जळतो म्हणं. लई गोंधळ हाय.

आपली धाकली वनमाला फोनवर सांगत व्हती, आपल्या बांधाला लागून रेल्वेचे खांब आलेत, आन तुमी रोज तिथं जाऊन वर बघत बसता. "ह्या तारंला लोडशेडिंग नसंल," असं म्हणलात म्हणं. खरंय का?

फोनवर तुमी नुसतं 'हूं' म्हणता, म्हणून लिहितोय. लाईनीवर आकडा टाकून मोटार चालवण्यात गावात तुमचा हात कोणी धरत न्हाई. पर ही तार मी रोज हातानं ओढतो, आन मलाच ती कळली न्हाई.

आकडा अडकवायचा तो बांबू मायला चुलीत घालू द्या. भाकरी झाल्या की वनमालाला राखंचा फोटो पाठवाय लावा.

दोघांच्या पायावर डोकं ठिवतो.
रामप्रसाद